साबणाच्या कारखान्यातली हवा

थंडोबा हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. खोल्या थंड करणारी यंत्रं विकायची, बसवायची आणि बिघडली की शिव्या घालत दुरुस्त करायची, हा धंदा उभा जन्म केल्यावर बाजाराने ते नाव त्यांना बहाल केलं होतं. त्यातली खोच अशी की एवढं गरम डोकं सबंध बाजारात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. राग कायम नाकावर. त्यांची बायको म्हणायची, "अहो, जगाला गारवा वाटत फिरता, थोडा घरी पण घेऊन येत जा."

बाकी कशावर चिडतील याचा नेम नव्हता, पण एका गोष्टीवर हमखास चिडायचे. मशीन चालू आणि खिडकी उघडी, हे दृश्य दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग ते गिऱ्हाइकाचं ऑफिस असो, दातांच्या डॉक्टरचा दवाखाना असो, नाहीतर ते स्वतः पाहुणे म्हणून जेवायला गेलेलं एखादं घर असो. ताडकन उठायचे, खिडकी धाडकन लावायचे आणि विचारायचे, "गल्लीला गारवा वाटायचं कंत्राट घेतलंय का?" ओरडून ओरडून घसा बसायला लागला तेव्हा त्यांनी स्टिकर छापून घेतले. पांढरा कागद, निळी अक्षरं: 'मशीन चालू आहे. खिडक्या बंद ठेवा.' छापणाऱ्याने आधी 'कृपया' घालूया असं सुचवलं होतं, ते यांनी उडवून लावलं. स्टिकरची चळत शर्टाच्या खिशात असायची. दिसली खिडकी की चिकटव, कुणाला विचारायची पद्धत नाही. आणि चिकटवायचेही नेहमी तिरके, कारण सरळ लावण्याइतका धीर त्या माणसाकडे नव्हता.

अशा माणसाच्या पोटी धाकटी जन्माला आली. थोरली लेक गरीब स्वभावाची, लग्न करून दूरच्या गावी सुखात होती. धाकटी मात्र लहानपणापासून प्रश्न विचारून जीव खाणारी. दुकानामागच्या बोळात यंत्रांची मागची तोंडं होती, तिथून दिवसभर गरम वाफारा बाहेर पडायचा. परकर सांभाळत तिथे उभी राहून तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, आतला गारवा कुठून आणता?"

"आणत नाही. आतली गरमी बाहेर टाकतो."

"पण बाहेर मी आहे ना."

उत्तर सुचलं नाही की बाप लोक जे करतात तेच थंडोबांनी केलं, पोरीला रागावून घरात पिटाळलं. पोरीने मात्र तो प्रश्न काही सोडला नाही. ती शिकली, आर्किटेक्ट झाली, आणि फिरून फिरून नेमकी बापाच्याच जुन्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

हे गिऱ्हाईक म्हणजे मालकीणबाई. त्यांची शहरात दोन-तीन हॉटेलं होती आणि सगळीकडची यंत्रं थंडोबांनी बसवलेली. बोलायला गोड, शब्दाला पक्क्या, आणि मनात आलं ते तोंडावर सांगणाऱ्या. त्यांनी नदीकाठचा एक जुना, बंद पडलेला साबणाचा कारखाना घेतला होता. तो पाडा आणि काचेची इमारत उभी करा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. धाकटी म्हणाली, पाडू नका. खाली दुकानं आणि खाणावळ, मधल्या मजल्यावर भाड्याची ऑफिसं, सगळ्यात वर हॉटेलच्या खोल्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध, फरशीपासून छपरापर्यंत सलग उघडं, असं एक मोठं दालन करू. पाहुणा, दुकानदार, ऑफिसातला कारकून, कुणीही येऊन तिथे टेकावं. पडक्या शेडच्या विटा पुन्हा वापरू, साबण ओतायच्या लाकडी साच्यांचा काउंटर करू, नवं सामान कमीत कमी आणू. मालकीणबाईंना हे पटलं. मग धाकटीने शेवटची गोष्ट सांगितली. वरच्या खोल्यांना लहान यंत्रं असतील, पण दालनाला एकही नसेल.

थंडोबांना हे कळलं ते घरी जेवताना.

"मग काय, पंखे लावणार?"

"नाही."

"मग भिंतींना विनंती करणार?"

धाकटीने ताट सरकवलं आणि पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर रेघा ओढायला लागली. "कारखान्याचं जुनं धुरांडं आहे ना बाबा, ते उन्हात तापतं. तापलं की आतली हवा हलकी होऊन वर निघून जाते. ती गेली की तिची जागा भरायला खालून दुसरी हवा यावीच लागते. खाली कोळसा आणायचा बोगदा आहे, नदीकडून येणारा, जमिनीत चांगला खोल. तिथली हवा भर उन्हाळ्यात गार असते. तीच फरशीतल्या जाळ्यांमधून दालनात येईल."

"यावीच लागते? कुणाच्या बापाचा हुकूम आहे का?"

"दुसरा रस्ताच ठेवलेला नाही तिला."

हे शेवटचं वाक्य थंडोबांनी अर्धवट ऐकलं, कारण तोवर ते हात धुवायला उठले होते. त्या दिवसापासून बापलेकीचं कामाबद्दल बोलणं बंद झालं. एरवी सगळं व्यवस्थित. तब्येत, शेजारी, थोरलीचा फोन, सगळ्यावर गप्पा व्हायच्या. कारखान्याचा विषय निघाला की दोघंही आपापल्या ताटात बघायचे, आणि मधल्या मध्ये बायकोला विषय बदलायला नवं काहीतरी शोधावं लागायचं.

मालकीणबाईंनी होकार दिला होता, पण एका अटीवर. उद्घाटनाच्या आधी एका दिवशी, ऐन दुपारी, ऑफिसं भाड्याने घेणारी सगळी माणसं त्या दालनात बसवायची. दालन गार राहिलं तर धाकटीचं खरं. तापलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या भिंतीला भोकं पाडून जाडजूड पाइप घालायचे, धुरांडं बुजवायचं आणि चारचौघांसारखी यंत्रं बसवायची. "मला पाहुण्यांना घाम फोडून चालायचं नाही," त्या म्हणाल्या. आणि ते काम त्यांनी दिलं थंडोबांना. "तुमच्याच लेकीची भिंत आहे. परक्याच्या हातात ड्रिल द्यायला माझं मन घेत नाही."

थंडोबांनी धंद्यात आलेलं काम कधी परत पाठवलं नव्हतं. हेही पाठवलं नाही. पण मापं घ्यायला गेले तेव्हा त्या भिंतीपुढे त्यांचे पाय जरा अडखळले. प्रत्येक विटेवर कारखान्याची जुनी छाप होती, एक लहानसं बदक. भिंत रचताना धाकटीने हजर राहून सगळी बदकं एका दिशेला चालवली होती, नदीकडे. एक तेवढं उलटं लागलं होतं, कारखान्यात परत निघाल्यासारखं. ते तिने तसंच राहू दिलं होतं. थंडोबांनी लाल खडूने भिंतीवर मोठाली वर्तुळं काढली, जिथे जिथे भोक पडणार तिथे तिथे. त्यातल्या एकाच्या बरोबर मधोमध ते उलटं बदक आलं.

धाकटी तिथे आली, तिने वर्तुळं पाहिली. थंडोबा भांडायच्या तयारीत होते, निम्मी वाक्यं तर तोंडातही आली होती.

"खडूच आहे ना?" ती म्हणाली. "पुसला जातो."

आणि ती निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं थंडोबांना वाटलं.

चाचणीच्या दिवशी ते सकाळी लवकरच हजर झाले. गाडीत ड्रिल होतं, पाइप होते, तयारी असलेली बरी. दालनात कुणीच नव्हतं. कामाची धूळ साफ झाल्यावर हे दालन ते पहिल्यांदाच बघत होते, आणि बघता बघता त्यांचं डोकं आपोआप मागे कललं. छपरातल्या काचांमधून उजेड खाली येत होता, पण तो नुसता पडत नव्हता. छपरापासून लांबच लांब कापडी पट्टे खाली सोडले होते, बिनरंगाचे, एका कापडगिरणीतल्या उरल्यासुरल्या सुतातून विणलेले. त्यांच्यातून गाळून उजेड मऊ होत होता. बसायच्या बाकांना साच्यांचं लाकूड वापरलं होतं आणि त्यावर वर्षानुवर्षं साबण पिऊन आलेली तुकतुकी होती. काउंटरवर हात फिरवला तर हाताला गुळगुळीत लागत होतं, पॉलिश न करताच. थंडोबांनी हॉटेलं कमी पाहिली नव्हती. पण हॉटेलात शिरल्यावर आपोआप आवाज खाली आणावासा वाटावा, असं त्यांना पूर्वी कुठे वाटलं नव्हतं.

मग ते भानावर आले आणि आपल्या धंद्याच्या नजरेने बघायला लागले. फरशीतल्या जाळीवर त्यांनी हात धरला. काही नाही. बोट ओलं करून वर केलं. काही नाही. ते कापडी पट्टे तर असे सरळ लोंबत होते की जणू कुणी दटावून उभे केलेत. सगळी हवा जागच्या जागी बसलेली. आता दुपारी इथे दीड-दोनशे माणसं बसणार, घामाने निथळणार, आणि सगळ्यांच्या देखत पोरीची शोभा होणार. धुरांड्यावर सकाळी ऊनच आलेलं नसतं आणि ऊन नाही तर ओढ कुठली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भिंत फोडायची आपली तयारी आहे, पण पोरीचा पडलेला चेहरा बघायची नाही, हे थंडोबांना त्या क्षणी स्पष्ट कळलं.

आणि मग त्यांनी त्यांच्या मते एक शहाणपणाचं काम केलं. ते ऑफिसांच्या मजल्यावर गेले. तिथल्या सज्जाच्या मागे, बाहेरच्या भिंतीला, खिडक्यांची रांग होती. त्यांनी एकूण एक खिडकी सताड उघडली. मग हॉटेलच्या मजल्यावर गेले, तिथल्याही उघडल्या. कड्या नव्या होत्या, घट्ट होत्या, बोटं दुखली. नदीवरून सकाळची झुळूक आत आली आणि त्यांना बरं वाटलं. "निदान एवढं तरी," ते स्वतःशी म्हणाले. खालून या खिडक्या दिसत नव्हत्या. कुणाला सांगायची गरज नव्हती. बापाने लेकीला गुपचूप केलेली मदत ती, तिचा बोभाटा कशाला.

दुपारी माणसं जमली. ऑफिसं घेणारे, त्यांचे कारकून, खालचे दुकानदार, हॉटेलचे वाढपी, सगळे त्या साबणाच्या बाकांवर दाटीवाटीने बसले. मालकीणबाई मधल्या खुर्चीत, हातात गार पाण्याचा पेला. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. धाकटी सकाळपासून खाली बोगद्यात होती, तिथली झडप उघडून, पाहणी करून ती कपडे झटकत वर आली. चेहऱ्यावर काळजी नव्हती. आपलं गणित बरोबर आहे हे माहीत असलेल्या माणसासारखी ती भिंतीला टेकून उभी राहिली, लाल वर्तुळांच्या शेजारीच.

पहिला थोडा वेळ ठीक गेला. मग कुणीतरी कॉलर सैल केली. कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घेऊ लागलं, ते बघून दुसऱ्यानेही घेतला, आणि बघता बघता सगळ्या दालनात पुठ्ठे, वह्या, टोप्या, मिळेल ते हलायला लागलं. हवा गरम होती, आणि गर्दीची जी असते तशी ओशट. धाकटीच्या कपाळावर आठी आली. ती जाळीपाशी वाकली, धूर सोडणारी एक कांडी पेटवून तिने जाळीवर धरली. धूर वर जायला हवा होता. तो फरशीवर लोळत राहिला, आजारी मांजरासारखा.

ती पुन्हा बोगद्यात धावली. परत आली. दुसरी कांडी पेटवली. तेच.

"झडप उघडी आहे," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "ऊन आहे. सगळं आहे. मग घोडं कुठे पेंड खातंय?"

मालकीणबाईंनी रुमालाने मान पुसली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "पोरी, मेहनत तू केलीस. दालन सुंदर झालंय, त्यात वाद नाही. पण माणसं उकडून निघतायत." त्यांनी मान वळवली. "थंडोबा कुठे आहेत? उद्या सकाळी सुरुवात करा म्हणावं."

थंडोबा तिथे नव्हते. लेकीने दुसरी कांडी पेटवली तेव्हाच ते तिथून सटकले होते. बघवेना. जिना चढत चढत ते पार वर, हॉटेलच्या सज्जात, येऊन थांबले. इथे दालनाच्या टोकाला धुरांड्याची बाजू येत होती आणि तिला एक मोठी लोखंडी जाळी बसवली होती. थंडोबा तिच्याकडे पाठ करून, कठड्याला धरून, खाली न बघता उभे राहिले.

आणि त्यांच्या तोंडावर गरम वाऱ्याचा फटका बसला.

समोर त्यांनीच सकाळी उघडलेली खिडकी होती. तिच्यातून बाहेरची झळ आत येत होती, आणि साधी येत नव्हती, घाईत येत होती. त्यांचे केस मागे उडत होते. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. वारा नाही, मग ही झळ एवढी धावत कुठे निघाली आहे? त्यांनी वळून बघितलं. वाटेत धुरांड्याच्या त्या जाळीशिवाय दुसरं काही नव्हतं.

यंत्र हवा ओढतंय की नाही हे बघायची थंडोबांची एक जुनी सवय होती. जाळीवर कागद धरायचा. पडला तर यंत्र मेलेलं, चिकटला तर जिवंत. विचार न करता त्यांचा हात खिशात गेला, हाताला आला तो कागद त्यांनी धुरांड्याच्या जाळीवर धरला आणि सोडला.

कागद पडला नाही. थप्पकन जाळीला बसला, कडा फडफडवत, जणू पलीकडून कुणी तोंड लावून ओढतंय. एवढी ओढ त्यांनी आपल्या सगळ्यात मोठ्या यंत्राच्या जाळीवरसुद्धा पाहिली नव्हती. थंडोबा बघत राहिले. मग त्यांचं लक्ष कागदावरच्या निळ्या अक्षरांकडे गेलं.

'मशीन चालू आहे. खिडक्या बंद ठेवा.'

अर्धवट ऐकलेलं ते वाक्य आता त्यांना पूर्ण ऐकू आलं. दुसरा रस्ताच ठेवलेला नाही तिला. आणि आपण काय केलं? सगळा जन्म ज्यावरून लोकांचे गळे धरले नेमकं तेच. मशीन चालू असताना मजलेच्या मजले खिडक्या उघड्या टाकल्या. धुरांडं बिचारं मघापासून ओढतंय, जिवाच्या आकांताने ओढतंय, आणि त्याच्या तोंडाशी आपण बाहेरची झळ आणून ठेवली आहे. जवळचं सोडून ते बोगद्यातलं लांबचं कशाला ओढेल? त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. या इमारतीत यंत्र नाही असं समजून ते बसले होते. ते सकाळपासून यंत्राच्या पोटातच फिरत होते.

"खिडक्या!" ते ओरडले. धंद्यात कमावलेला तो आवाज सगळ्या मजल्यांना ऐकू गेला. "खिडक्या लावा! ऑफिसच्या मजल्यावरच्या, सगळ्या! उठा की, बघताय काय माझ्या तोंडाकडे!"

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो थंडोबा, उन्हाने डोकं फिरलं का? आहे ती हवाही बंद करताय?"

धाकटीने मात्र बापाकडे एकदाच बघितलं आणि तिला सगळं समजलं. "लावा," ती म्हणाली, आणि स्वतःच जिन्याकडे धावली.

धाडधाड खिडक्या लागल्या. थंडोबांनी हॉटेलच्या मजल्यावरच्या एकेक करून लावल्या, शेवटची कडी ओढताना बोटाची साल निघाली. मग सगळं बंद झालं, आणि त्या बंद दालनात इतकी माणसं, इतकी गरमी, की कुणीतरी हळूच म्हणालं, "आता मेलो." थंडोबा कठड्याशी आले. देवाला कधी फारसा त्रास न देणाऱ्या त्या माणसाने मनातल्या मनात हात जोडले.

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने पाय जवळ घेतले. मग खाली वाकून फरशीकडे बघितलं. मग जोडे काढले आणि दोन्ही अनवाणी पाय परत जाळीवर ठेवले.

"अरेच्चा," तो म्हणाला.

धाकटीने जाळीवर कांडी धरली. लोळणारा धूर थबकला, कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखा. मग उभा राहिला. मग सरळ, सावकाश, एका रेघेत वर निघाला, माणसांच्या गुडघ्यांवरून, डोक्यांवरून, ऑफिसांच्या सज्जापर्यंत, त्याच्याही वर. पुठ्ठे हलायचे थांबले. वह्या मांडीवर उतरल्या. छपरापासून लोंबणारे ते लांब पट्टे, जे सकाळपासून दटावल्यासारखे उभे होते, ते एका टोकाकडून फुगत आले, पहिला, मग दुसरा, मग सगळेच. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने भरतात तसे ते भरले आणि उजेड त्यांच्याबरोबर भिंतींवरून हलायला लागला. आणि त्या हवेबरोबर खालून वास आला. जुना, स्वच्छ, ओल्या विटेचा आणि साबणाचा वास. कारखाना बंद पडल्यावर जमिनीखाली राहून गेलेला तो वास आज पहिल्यांदा उजेडात आला होता.

एवढी माणसं आणि कुणी खोकलंही नाही.

धुराची रेघ थंडोबांच्या कानाजवळून गेली आणि धुरांड्यात शिरली. गारवा त्यांच्यापर्यंत आला तो मानेवर. ते कान देऊन उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात गारवा कधी एकटा आला नव्हता, त्याच्यामागे कायम घरघर असायची, आणि ती ऐकून ते कुठलं यंत्र, किती जुनं, कुठे दुखतंय ते सांगू शकत. आता ते ती घरघर शोधत होते. ती नव्हतीच. एवढं मोठं यंत्र समोर चालू होतं, धुरांड्याएवढं, बोगद्याएवढं, ऊन आणि नदी दोन्हींना कामाला लावलेलं, आणि त्याचा आवाज म्हणून नव्हता. आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली, आणि ती जाणवल्यावर त्यांना कठडा घट्ट धरावा लागला. या यंत्राला मागचं तोंड नव्हतं. यातली गरमी कुठल्याही बोळात उभ्या असलेल्या कुठल्याही पोरीच्या अंगावर पडत नव्हती. ती वर आभाळात जात होती. थंडोबांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

ते खाली उतरले तेव्हा मालकीणबाई पूर्वेच्या भिंतीपाशी होत्या. त्यांनी पेला बाकावर ठेवला, आपल्या हातातला रुमाल पाण्यात बुडवला आणि त्या उलट्या बदकाभोवतीचं लाल वर्तुळ त्या स्वतःच पुसू लागल्या. "थंडोबा," मागे न वळता त्या म्हणाल्या, "तुमचं ते ड्रिल घरी घेऊन जा."

"जी," थंडोबा म्हणाले. एवढं मऊ 'जी' त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोनेही ऐकलं नव्हतं.

धाकटी जाळीपाशी फरशीवरच बसली होती, विझलेली कांडी हातात, अंगात त्राण नसल्यासारखी. थंडोबा गुडघे सांभाळत तिच्या शेजारी बसले. थोडा वेळ दोघांनी नुसती हवा घेतली.

"खिडक्या मी सकाळी सगळ्या बंद करून घेतल्या होत्या," ती म्हणाली. "कुणी उघडल्या असतील?"

"मी."

तिने चमकून बघितलं.

"वाटलं, तुझी हवा काही यायची नाही. निदान बाहेरची तरी यावी." ते फरशीकडे बघत होते. "तुझं बुडवलंच होतं मी, धाकटे. माझ्या हाताने."

धाकटीचे खांदे हलायला लागले. थंडोबांना वाटलं रडतेय. बघतात तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "तुम्ही?" ती कशीबशी म्हणाली. "बाबा, तुम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या? घरी आईला सांगू दे, ती आठवडाभर जेवायची नाही हसून."

"सांग. सगळ्या गल्लीला सांग." त्यांनी जाळीवर हात धरला. गार हवा बोटांच्या मधून वर जात होती. ती सोललेल्या बोटाला झोंबली, तरी त्यांनी हात काढला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी दुसरा हात खिशात घातला आणि तो कागद काढला. खाली येताना त्यांनी तो धुरांड्याच्या जाळीवरून सोडवून आणला होता, सोडवताना जरा जोरच लावावा लागला होता. त्यांनी तो मांडीवर ठेवून सपाट केला.

"वरच्या सज्जात," ते म्हणाले, "त्या खिडकीवर. लावू का?"

हयातीत त्यांनी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. धाकटीने तो कागद हातात घेतला, वाचला, आणि तिचं हसू एकदम थांबलं. मग तिने मागचा कागद एका कोपऱ्यातून अलगद सोडवून स्टिकर त्यांच्या हातात दिला.

"लावा," ती म्हणाली. "पण सरळ लावा."

थंडोबा उठले, जिना चढून वर गेले, आणि त्यांनी तो सरळ लावला.